जिन्यात एक खुर्ची ठेवावी, अशी विनंती

सोमवार, अकरा नोव्हेंबर. संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी आन्सेल्मो रेकेहो याने आपल्या स्वयंपाकघरातली एक पाइनच्या लाकडाची खुर्ची उचलली, दाराबाहेर नेली, अर्धा जिना उतरला आणि दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर ती भिंतीला टेकवून ठेवली. या सगळ्याला दीड मिनिट लागलं. ही वेळ मुद्दाम नोंदवून ठेवलेली बरी, कारण पुढच्या तीन आठवड्यांत या प्रकरणातली दुसरी कुठलीही गोष्ट इतक्या झटपट झाली नाही.

इमारत पलेन्सिया शहरात, नदीच्या अंगाला. चार मजले, मजल्यावर तीन घरं, लिफ्ट नाही. बारा घरांचं अध्यक्षपद दर वर्षी पाळीने फिरतं. ते कुणालाच नको असतं. पाळीच्या वर्षी लोकांना अचानक पाठीची दुखणी होतात, दूरच्या गावातली बहीण आजारी पडते. पण पाळी चुकत नाही. यंदाची पाळी तीन-अ ची, म्हणजे आन्सेल्मोची होती, आणि बारा घरांत तो एकटाच असा होता की त्याला तिचा मनातून आनंद झाला होता. सदुसष्ट वर्षांचा हा माणूस नोटरीच्या कचेरीत अडतीस वर्षं दस्तऐवज लिहीत आला होता. निवृत्तीनंतर त्याच्याकडे लिहायला वाणसामानाची यादी तेवढी उरली होती, आणि तीही त्याची बायको कासिल्दा त्याला लिहू देत नसे, कारण तो टोमॅटोच्या खाली 'वरीलप्रमाणे' असं लिहायचा.

त्या सोमवारी पाच वाजता फोन आला. बोलणारी बेगोन्या, चार-क मधल्या ओब्दुलियाबाईंची, म्हणजे तिकडच्या भाषेत दोन्या ओब्दुलियाची, मुलगी. ती दुसऱ्या शहरात, विटोरियाला असते.

"तुम्ही यंदाचे अध्यक्ष ना? मग तुम्हालाच सांगते. आईचं आणि माझं ठरलंय. चोवीस तारखेला, रविवारी, मी येणार. खालच्या दारापासून चौथ्या मजल्यापर्यंत तिच्याबरोबर चढणार. मध्ये कुणाच्या घरात शिरायचं नाही. चढली, तर राहील तिथेच. नाही चढली, तर इकडे वृद्धाश्रमात जागा मिळालीय. एक डिसेंबरपर्यंत ती धरून ठेवतील, पुढे नाही."

"अहो, पण शहाऐंशीव्या वर्षी एका दमात चार मजले..."

"एका दमात कोण म्हणतंय? बसत बसत चढू दे की. पण बसायला जिन्यात काही आहे का तुमच्या? आई म्हणते, तिनं खुर्ची मागितली होती. कितीदा तरी."

"मागितली असेल तर नोंद असणार," आन्सेल्मो म्हणाला. हे वाक्य त्याने अभिमानाने उच्चारलं. फोन ठेवून तो कपाटातल्या इतिवृत्ताच्या वह्या काढायला गेला.

नोंद होती. बारा नोंदी होत्या. दर वर्षीच्या सभेत शेवटचा विषय असतो 'विनंत्या आणि प्रश्न', आणि दर वर्षी त्या विषयाखाली तेच वाक्य होतं: दोन्या ओब्दुलिया यांनी विनंती केली की जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवावी. अक्षर दर वर्षी वेगळं, वाक्य तेच. एका वर्षी अध्यक्षपद खुद्द चार-क कडे होतं, तेव्हा दोन्या ओब्दुलियाने ही विनंती स्वतःच स्वतःला केली होती आणि खाली सहीही केली होती.

आता कायदा असा आहे की या शेवटच्या विषयाखाली कुणीही काहीही मागू शकतो, पण त्यावर निर्णय घेता येत नाही. ठराव करायचा तर तो विषयपत्रिकेवर आधीपासून असावा लागतो. त्यामुळे तिथे जे मागितलं जातं ते फक्त लिहिलं जातं. आणि तिथल्या लोकांच्या भाषेत, जुन्या विनंतीची हकीकत लिहिताना क्रियापदाला एक खास रूप द्यावं लागतं. ते रूप काय मागितलं एवढंच सांगतं. पुढे ते झालं की नाही याबद्दल अवाक्षर काढत नाही. नोटरीच्या कचेरीत आन्सेल्मोला या रूपाचं फार कौतुक होतं. सभ्य रूप आहे, कुणावर आळ घेत नाही, असं तो नव्या कारकुनांना सांगायचा.

सगळ्यात जुनी, बारा वर्षांपूर्वीची नोंद त्याने शेवटी उघडली. अक्षर सुरेख होतं. समास सारखे, ओळी सरळ. ते त्याचं स्वतःचं होतं; त्या वर्षीही पाळी तीन-अ चीच होती. तेव्हा दोन्या ओब्दुलिया चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि त्याने पुढे कंसात लिहिलं होतं: आत्ता गरज नाही, पण लागेल तेव्हा असावी.

आन्सेल्मोने वही मिटली तेव्हा साडेसात उलटून गेले होते. मग त्याने खुर्ची उचलली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता खुर्चीवर एक चिठ्ठी होती: 'ही कोणाची?' अकरा वाजता तिच्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'ज्याची असेल त्याने न्यावी.' दुपारी तिसरी: 'अशीच आणखी एक आहे का?' संध्याकाळपर्यंत खुर्चीवर सुपरमार्केटच्या जाहिरातींचा गठ्ठा, एक छत्री आणि कुणाचं तरी कोबीचं पोतडं बसलं होतं. बसला नव्हता तो फक्त माणूस.

बुधवारी खुर्ची नाहीशी झाली. तिच्या जागी भिंतीला चिकटवलेली पावती होती: 'एक खुर्ची, वीजमीटरच्या खोलीत सुरक्षित. इलारिओ, एक-ब.'

इलारिओने तीस वर्षं आग विझवायच्या नळकांड्या विकल्या होत्या. त्या धंद्यातून माणूस निवृत्त होतो, पण आग काही त्याच्या डोक्यातून निवृत्त होत नाही. एरवी तो आन्सेल्मोला अरे-तुरे करायचा. 'अध्यक्षमहाराज' म्हणाला की समजायचं, चिडलाय.

"अध्यक्षमहाराज," दार उघडताच तो म्हणाला, "जिना एक मीटर पाच सेंटिमीटर. खुर्ची त्रेचाळीस. उरले किती?"

"बासष्ट."

"आणि आग लागली तर?"

"आग लागली तर खुर्चीवर कोण बसून राहणार आहे?"

"हेच! हेच सगळे म्हणतात. धुरात माणूस वरून पळत येतो, खुर्चीला अडखळतो, त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. मी फोटो पाहिलेत."

"अरे, पण ती चार-क मधली म्हातारी..."

"तिच्यासाठीच सांगतोय! सगळ्यात वरून पळत येणार ती."

दोन्या ओब्दुलिया पळत येत आहे, हे चित्र आन्सेल्मोने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. खुर्ची तो घरी घेऊन आला. ती वर आणताना दोन-क मधल्या लेओकादियाने दार किलकिलं करून पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं काढलीत. जिन्यात खुर्ची दिसली की घरोघर विकायला येणारे तिथे ठाण मांडून बसतात. माझ्या बहिणीच्या इमारतीत एकजण दोन तास बसला होता."

"काय विकत होता?"

"खुर्च्या," लेओकादिया म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

घरात कासिल्दा बटाट्याची तोर्तिया, म्हणजे अंड्या-बटाट्याचं जाड ऑम्लेट, उलटत होती. ताटली तव्यावर, तवा उलटा, अशा नाजूक क्षणी तिला कुणी काही विचारलेलं चालत नसे. तिनेच विचारलं, "अध्यक्षांची खुर्ची गेली का?"

"चेष्टा करू नकोस. अध्यक्षाने ठेवलेली वस्तू मीटरच्या खोलीत! पावती देऊन! जप्तीच ही."

"मग एखादं स्टूल ठेव. स्टुलाची काही कुणी जप्ती करत नाही."

व्यवस्थापक दॉन फाउस्तिनो गुरुवारी फोनवर सापडला. त्याच्याकडे चाळीस इमारती आहेत, त्यामुळे तो नेहमी दुसरीकडे निघालेला असतो. त्याच्याशी बोलताना मागून जिने, गाड्या आणि दारं ऐकू येतात. इतिवृत्त खरं म्हणजे त्याने लिहायचं, पण तेही तो ज्या त्या अध्यक्षाकडून लिहवून घेतो.

"खुर्ची सामायिक जागेत?" तो म्हणाला. "ठराव लागेल. जानेवारीच्या सभेत घेऊ."

"चोवीस तारखेच्या आत हवी."

"मग विशेष सभा बोलवा. अध्यक्षाला अधिकार आहे. पण मी म्हणेन, भिंतीला लावलेली दुमडती बैठक मागा, आगीचा प्रश्न मिटेल. अर्थात भिंतीला भोकं पडणार, भिंत सामायिक, आणि तिच्या पलीकडे दोन-क चं न्हाणीघर. फरश्या तडकल्या तर... बरं, मी आता पायऱ्या उतरतोय, नंतर बोलू."

विशेष सभा बुधवारी, वीस तारखेला ठरली. पहिलं आवाहन साडेसात वाजता, दुसरं आठ वाजता. हा रिवाज समजून घेतला पाहिजे. पहिल्या आवाहनाला पुरेसे लोक आले नाहीत तर दुसऱ्याला, जितके येतील तितक्यांवर सभा चालते. म्हणून पहिल्याला कुणीच येत नाही. कोणत्याच इमारतीत कधी कुणी येत नाही. पण आन्सेल्मो नोटरीच्या कचेरीत घडलेला माणूस. बरोबर साडेसातला तो तळमजल्यावर टपालपेट्यांसमोर जाऊन उभा राहिला, सभा उघडली, हजेरी घेतली, अपुरी उपस्थिती नोंदवली आणि सभा बंद केली.

उपस्थिती एकाची होती असं मात्र नाही. दोन्या ओब्दुलिया आली होती. ती पावणेसातलाच घरातून निघाली होती. करडा कोट, हातात पर्स, आणि कठड्याला धरल्यामुळे काळा झालेला हातमोजा.

"तुम्ही पहिल्या आवाहनाला कशाला आलात?" आन्सेल्मो म्हणाला.

"मी दुसऱ्यासाठीच निघाले होते रे पोरा," ती म्हणाली. "लवकर पोचले. उतरताना जमतं अजून."

तिला बसायला द्यायला काही नव्हतं. आन्सेल्मो धावत वर गेला आणि तीच पाइनची खुर्ची घेऊन आला. मग आठ वाजायला पाच कमी असताना वरून माणसं उतरू लागली, आणि प्रत्येकाच्या हातात खुर्ची होती. खालच्या जागेत बसायला काही नसतं, म्हणून सभेला प्रत्येकजण घरून खुर्ची आणतो. वर्षानुवर्षांची पद्धत आहे. स्वयंपाकघरातल्या, दुमडायच्या, समुद्रकिनारी न्यायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या. एकाने चाकाची ऑफिसातली आणली होती, ती पायरीपायरीवर आदळत आली. जिन्यात खुर्चीला खुर्ची अडत होती. इलारिओच्या दोन हातांत दोन होत्या, एक बायकोची. आगीची आठवण कुणालाही झाली नाही. बारा खुर्च्यांवर बसून सभेने जिन्यात एक खुर्ची ठेवावी की नाही या विषयाला हात घातला.

इलारिओने त्रेचाळीस सेंटिमीटर सांगितले. कुणी विचारलं, खुर्ची त्याच वळणावर का, आमच्या का नाही? लेओकादियाने न्हाणीघराच्या फरश्यांबद्दल एक छोटं भाषण केलं. त्या फरश्या आता मिळत नाहीत, कारखाना बंद पडला, मालक वारला.

"आणि मी म्हणते," ती शेवटी म्हणाली, "दोन्या ओब्दुलियांना खुर्चीची गरजच काय? चांगल्या हिंडत्या-फिरत्या आहेत. रोज वर जाताना माझ्याकडे चिमूटभर मीठ मागायला येतात, दहा मिनिटं गप्पा मारतात, आणि जातात टुणटुण."

"तुझ्याकडे मीठ?" इलारिओ म्हणाला. "माझ्याकडे पार्सली मागतात. खिडकीतल्या कुंडीतली."

"रोज?"

"रोज. नऊ वर्षं झाली. मी म्हटलं, बाईंना पार्सली फार आवडते. मी दुसरी कुंडी आणली त्यांच्यासाठी."

"आमच्याकडे कालचा पेपर," कासिल्दा हळूच म्हणाली.

चाकाच्या खुर्चीवरचा माणूस काड्यापेटीबद्दल काही बोलायला लागला आणि थांबला. सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या.

दोन्या ओब्दुलियाने पर्स मांडीवर सरळ केली. "मीठ माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "चौदा बरण्या आहेत. पार्सलीनं मला पित्त होतं." मग कुणाकडेही न बघता: "काही मागितलं की लोक म्हणतात, बसा. बसायलाच मागितलं, की लिहून घेतात."

 आन्सेल्मोने पेन खाली ठेवलं.

अशा वेळी माणसं ओशाळतात, आणि ओशाळलेली माणसं फार मोठ्या मनाची होतात. मागून कुणीतरी एकदम म्हणालं, "खुर्ची काय घेऊन बसलात? या इमारतीला लिफ्ट पाहिजे!" त्यासरशी सगळे पेटले. लिफ्ट! म्हाताऱ्यांचा मान! इतकी वर्षं आपण काय केलं! लेओकादिया फरश्या विसरली. इलारिओने लिफ्टला आगीच्या वेळी कुठलं बटण हवं ते सांगितलं. लिफ्ट जिन्याच्या पोटातून न्यावी की अंगणातून, यावर दोन पक्ष पडले. पावणेदहाला लिफ्ट समिती नेमली गेली, उपसमितीसकट. खुर्चीबद्दल असं ठरलं की सभेची तत्त्वतः संमती आहे, मात्र आधी अग्निशमन विभागाचा अभिप्राय यावा. सभेला आलेला दॉन फाउस्तिनो तेव्हा ओव्हरकोट चढवत होता, जाता जाता म्हणाला, "अभिप्रायाला महिना लागेल. उत्तम सभा झाली!"

सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन वर गेले. दोन्या ओब्दुलियाला चौथ्या मजल्यावर पोचायला चाळीस मिनिटं लागली. त्या दिवशी तिने कुणाकडे काही मागितलं नाही. दारं तिच्यासाठी उघडी होती, आतून हाकाही येत होत्या, "या ना, बसा ना." ती प्रत्येक दारासमोर कठडा धरून उभी राहिली, "नको, आता मीठ आहे," म्हणाली, आणि पुढे गेली.

"तुला माहीत होतं?" घरी आल्यावर आन्सेल्मोने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," कासिल्दा म्हणाली. "कालचा पेपर कोण वाचतं?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नोंद केली असतीस."

आन्सेल्मोने वही पुढे ओढली. तो इतिवृत्त लिहायला बसला. लिफ्ट समितीची पावणेतीन पानं झाली. मग ते वाक्य आलं, तेराव्यांदा: विनंती केली की खुर्ची... इथे पेन अडलं. अडतीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते सभ्य रूप त्याला त्या रात्री सभ्य वाटेना. त्याने ओळ तशीच अर्धी ठेवली.

शुक्रवारी सकाळी तो अग्निशमन विभागाच्या कचेरीत गेला. तिथल्या खिडकीतली बाई अतिशय प्रेमळ होती.

"अर्ज देता येईल की," ती म्हणाली. "पण त्याच्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते."

"घेतो."

"वेळ इथे मिळत नाही. फोनवर."

आन्सेल्मोने तिच्यासमोर उभं राहून फोन लावला. तिच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने तो उचलला, नाव विचारलं, आडनावाची अक्षरं सुटी सुटी करून घेतली, आणि तीन डिसेंबर ही तारीख दिली. "अजून काही मदत?" तिने फोनमध्ये विचारलं. "नको," आन्सेल्मो फोनमध्ये म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बघत फोन ठेवले. वाटेत त्याला आपला चेहरा दुकानाच्या काचेत दिसला. अध्यक्षाचा तो चेहरा नव्हता.

शनिवारी साडेअकराला इलारिओने बेल वाजवली. हातात पार्सलीची कुंडी होती. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

"झोप नाही रे तीन दिवस," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी या झाडाला पाणी घालतोय. आणि ती बिचारी पित्त घेऊन जात होती."

"आत ये. बस."

"बस म्हणू नकोस!" इलारिओ एकदम ओरडला. मग शांत होऊन बसला. "मी नियम पुन्हा वाचले. जिन्यात वस्तू *ठेवता* येत नाही. पण *नेता* येते. बुधवारी आपण बारा नेल्या. नेणारा माणूस दमला, क्षणभर टेकवली, तर ती काही अडथळा होत नाही. ती वाहतुकीतली खुर्ची होते."

"वाहतुकीतली."

"जोवर माणूस हाताशी उभा आहे तोवर. आग लागली की उचलून पळायचं."

नोटरीच्या कचेरीतला माणूस आन्सेल्मोच्या आत हळूहळू उठून बसला. मुद्द्यात फट नव्हती. त्याने कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या. बारा घरं आणि वाटून घ्यायचं काम, म्हटल्यावर या इमारतीला एकच उपाय ठाऊक आहे: पाळी.

रविवारी, चोवीस तारखेला, बारा वाजून दहा मिनिटांनी बेगोन्या टॅक्सीतून उतरली. आई चर्चमधून येऊन दाराशी उभी होती. दोघी चढू लागल्या. तळमजला आणि पहिला यांच्या मधल्या वळणावर चाकाच्या खुर्चीचा मालक खुर्ची धरून उभा होता.

"वर नेतोय," तो म्हणाला. "दमलो जरा. तुम्ही बसा ना तोवर, रिकामीच आहे."

दोन्या ओब्दुलियाने त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं. "घट्ट धर," असं म्हणून बसली.

पुढच्या वळणावर इलारिओ खुर्ची खाली नेत होता. त्याच्या पुढच्या वळणावर पाइनची खुर्ची आणि आन्सेल्मो. तिसऱ्याच्या पुढे समुद्रकिनाऱ्याची पट्ट्यांची, आणि ती धरून लेओकादिया, नोव्हेंबरात, गंभीर चेहऱ्याने. या खुर्चीवर मात्र आधी बेगोन्या बसली. विटोरियात ती लिफ्टच्या इमारतीत राहते. तिला धाप लागली होती. आई शेजारी कठडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बस बस. सावकाश. आम्हाला सवय आहे."

बेगोन्या उठली तेव्हा तिने सगळ्यांकडे वळून पाहिलं. तोवर खालचे तिघेही आपापल्या खुर्च्या घेऊन मागून वर आले होते.

"मी काही मूर्ख नाही," ती म्हणाली. "आज रविवार. सोमवारीसुद्धा खुर्च्या वाहणार का तुम्ही?"

"सोमवारी मी नाही," इलारिओ म्हणाला. "सोमवार दोन-क चा."

"त्या चर्चमधून आणि पत्त्यांच्या क्लबातून परततात तेव्हा," लेओकादिया म्हणाली. "पाव घेऊन येतात तेव्हा तीन-ब."

आन्सेल्मोने खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. समास सारखे, ओळी सरळ. बारा घरं, सात दिवस, चार वळणं. बेगोन्याने तो दोनदा वाचला. त्याचा फोटो काढला. वृद्धाश्रमाचा अर्ज तिच्या पर्समध्ये होता. तो तिने फाडला नाही, पण भरलाही नाही. आईला म्हणाली, "जागा एक तारखेपर्यंत आहे. मी पुढच्या रविवारी येईन. किती वाजता ते सांगणार नाही."

"सांगू नकोस," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. "जेवायला थांबशील तेवढं सांग."

त्या आठवड्यात पाळी दोनदा चुकली. मंगळवारी काड्यापेटीवाल्याची ट्रेन उशिरा आली, आणि गुरुवारी दोन-अ आणि दोन-ब यांच्यात पाळी कुणाची यावरून वाद झाला. वाद मिटेपर्यंत दोन्या ओब्दुलिया जिन्यात उभीच होती. शेवटी तिनेच मीठ मागून तो मिटवला. हेही आन्सेल्मोने नोंदवलं आहे. इतिवृत्तातलं ते वाक्य अजून अर्धंच आहे, आणि अग्निशमन विभागातली वेळ परवा, मंगळवारची.

रविवार, एक डिसेंबर. तक्त्याप्रमाणे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधलं वळण तीन-अ कडे. आन्सेल्मो सव्वाअकरापासून तिथे आहे. कुणी येईपर्यंत खुर्ची टेकवायची नाही, हा इलारिओचा नियम, त्यामुळे ती त्याच्या दोन्ही हातांत आहे. कासिल्दाने एकदा दारातून डोकावून "खाली ठेव रे, कोण बघतंय?" असं विचारलं, तर तो नुसता मान हलवून नाही म्हणाला. बारा वाजून बावीस मिनिटांनी खालचं दार उघडल्याचा आवाज आला. पावलं दोघींची होती. पहिल्या मजल्यापाशी ती थांबली, काही बोलणं झालं, ते वर ऐकू आलं नाही. मग एकीची पावलं पुन्हा चढू लागली. सावकाश, पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दुसरीची अजून ऐकू येत नाहीत; बेगोन्या बहुतेक खालच्या खुर्चीवर टेकली असावी.

आन्सेल्मोने खुर्ची थोडी खाली घेतली आहे. जमिनीपासून चार बोटं.